दाणा वितळू न देता: शाखित आणि क्रॉसलिंक पॉलिमरची घन अवस्थेतली कृती

शाखित पॉलिएस्टर वितळवून बनवायला गेलात की एका क्षणी ढवळणीचा आवाज बदलतो. मोटर कण्हू लागते, माल दांड्यावर वर चढतो, आणि तळाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी थेंबभरही खाली येत नाही. शाखा फुटता फुटता सगळ्या साखळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात. असं भांडं साफ करण्यात मी दोन दिवस घालवलेत, छिन्नी घेऊन. तेव्हापासून हे काम मी दाण्यातच करतो. दाणा आत जातो तसाच बाहेर येतो. त्याच्या पोटात साखळी लांबली, फांद्या फुटल्या की अख्खं जाळं झालं, त्याने भांड्याचं काही बिघडत नाही.

या पद्धतीला घन अवस्थेतलं बहुवारीकरण म्हणतात, आणि ती नवी नाही. पॉल फ्लोरी यांच्या १९३९च्या पेटंटात पॉलिअमाइडसाठी तिचा उल्लेख आहे. बाटल्यांसाठी लागणारं पीईटी (पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट हे पॉलिएस्टर) बहुतांश याच वाटेने तयार होतं. तिथे साखळ्या सरळच ठेवतात. आपण तीच कृती फांद्या फोडण्यासाठी वापरणार आहोत, आणि मग काही बाबतींत हिशेब बदलतो. खाली मुख्य उदाहरण पीईटी आणि पेंटाएरिथ्रिटॉल हा फांद्या फोडणारा पदार्थ, म्हणजे शाखाकारक, या जोडीचं घेतलं आहे. प्रयोगशाळेत हाताशी असणाऱ्या साधनांत ते होतं, आणि त्यात होणाऱ्या चुका शिकण्यासारख्या आहेत.

दाण्याच्या पोटात काय चालतं

पीईटीचा दाणा म्हणजे सगळीकडे सारखा पदार्थ नव्हे. त्यात घट्ट रचलेले स्फटिकी पट्टे असतात आणि त्यांच्यामध्ये विस्कटलेला, अस्फटिकी भाग असतो. हा विस्कटलेला भाग साधारण ७० ते ८० °से.च्या वर सैल होतो. स्फटिक मात्र २५० °से.च्या आसपास पोचेपर्यंत हलत नाहीत. म्हणजे २१५ °से.ला दाणा आपला आकार राखून असतो, पण आतल्या काही साखळ्या चांगल्याच वळवळत असतात. साखळ्यांची टोकं, उत्प्रेरक आणि आपण घातलेला शाखाकारक हे सगळे स्फटिकात मावत नाहीत, त्यामुळे ते या सैल भागात ढकलले जातात. खरी अभिक्रिया तिथेच होते. दोन टोकं भेटतात, एस्टर बंध जुळतो, एथिलीन ग्लायकॉल किंवा पाणी सुटतं आणि ते दाण्याच्या बाहेर पडावं लागतं. ते आतच राहिलं तर अभिक्रिया उलटी फिरते.

इथून पुढे एक गोष्ट सतत डोक्यात असू द्या: दाण्याची साल गाभ्याच्या पुढे धावते. सालीजवळचं ग्लायकॉल लगेच उडून जातं, गाभ्यातल्याला लांबचा रस्ता असतो. सरळ साखळीच्या कामात हा फरक चालून जातो, कारण शेवटी सगळं वितळून एकजीव होतं. शाखित कामात तो चालत नाही. साल जेल झाली की ती पुन्हा कशातच विरघळत नाही, आणि तुम्ही मोजलेली सरासरी त्यावर पांघरूण घालते.

आधी कागद, मग तराजू

शाखित हवं की क्रॉसलिंक (सगळ्या साखळ्यांचं एक जाळं), हे शाखाकारकाच्या मात्रेवर ठरतं, आणि त्या दोहोंमधली सीमारेषा फार बारीक आहे. फ्लोरी यांच्या जेल सिद्धांतानुसार, दोन्ही प्रकारचे गट (हायड्रॉक्सिल आणि आम्ल) समसमान असतील तर जेल, म्हणजे न विरघळणारं जाळं, होण्याचं रूपांतरण (गटांचा किती हिस्सा जुळला ते) असं निघतं: एक भागिले वर्गमूळात (१ + ρ × (फ − २)). इथे फ म्हणजे शाखाकारकाच्या हातांची संख्या. पेंटाएरिथ्रिटॉलचे चार हात आहेत, म्हणून (फ − २) बरोबर २. ρ म्हणजे एकूण हायड्रॉक्सिल गटांपैकी शाखाकारकाच्या वाट्याचा हिस्सा. साखळीत एस्टर होऊन बसलेले गटही त्यात धरायचे.

एक किलो पीईटी घ्या. पुनरावर्ती एककाचं वजन १९२, म्हणजे ५.२ मोल एककं, आणि दर एककाला ग्लायकॉलचे दोन हात धरून १०.४ मोल हायड्रॉक्सिल. त्यात ०.२ मोल टक्के पेंटाएरिथ्रिटॉल, म्हणजे ०.०१०४ मोल किंवा १.४२ ग्रॅम. त्याचे हात ०.०४१६ मोल, म्हणून ρ = ०.००४. सूत्रात घातलं की रूपांतरण ०.९९६ येतं. सरळ साखळीच्या भाषेत हे सरासरी रेणुभार २४,००० एवढं झालं. बाटलीच्या दर्जाचं पीईटी साधारण तिथेच असतं! म्हणजे किलोला दीड ग्रॅमही नाही, आणि रोजच्या कामात जेल समोर उभं.

मात्रा निम्मी केली, ०.१ मोल टक्के, तर जेल-बिंदू ०.९९८ वर सरकतो, सरळ साखळीच्या ४८,००० रेणुभाराला. नेहमीच्या वेळेत तुम्ही तिथवर पोचत नाही, त्यामुळे माल शाखित पण विरघळणारा राहतो. उलट ०.५ मोल टक्के घातलं तर ०.९९ लाच जेल, म्हणजे १०,०००च्या खालीच. मी सुरुवातीचा माल म्हणून सुमारे २०,००० रेणुभाराचा, ०.६० च्या आसपास आंतरिक श्यानतेचा (द्रावणाच्या दाटपणावरून साखळीची लांबी सांगणारं माप) तंतू दर्जाचा पीईटी वापरतो. तेव्हा माझ्यासाठी ०.१ टक्का म्हणजे ‘शाखित’ आणि ०.३ च्या पुढे ‘क्रॉसलिंक’. मधला पट्टा, विशेषतः ०.२, टाळा. तिथे एकाच दाण्याची साल जेल आणि गाभा विरघळणारा असा माल मिळतो, आणि त्याचे गुणधर्म दर खेपेला वेगळे येतात.

हे सूत्र सगळीकडे सारखं मिश्रण गृहीत धरतं. आपल्या दाण्यात तसं नसतं, हे वर आलंच. म्हणून सूत्राने दिलेल्या मर्यादेच्या दोन तृतीयांशावर थांबायची मी सवय लावून घेतली आहे. त्यामागे सिद्धांत काही नाही, फुकट गेलेल्या खेपा आहेत.

शाखाकारक निवडताना पायरोमेलिटिक डायअनहायड्राइडचं नावही पुढे येतं. ते टोकांशी वितळलेल्या अवस्थेतच झटकन जुळतं आणि श्यानता चढते. पेंटाएरिथ्रिटॉलचं वागणं उलटं आहे. ते आधी साखळी तोडतं, त्या तुटलेल्या जागी स्वतः शिरतं, आणि तुटलेलं पुढे दाण्यात जुळतं. मला दुसरं आवडतं, कारण मिसळायला वेळ मिळतो. अनहायड्राइड वापरायचंच असेल तर नवी सीलबंद बाटली घ्या. हवेतला ओलावा लागला की त्याचं आम्ल होतं, आणि मग तुमचा हिशेब राहतो कागदावर. त्याची धूळ श्वसनमार्गाला संवेदनशील करते, म्हणून ते धुराड्याखालीच (फ्यूम हूडमध्येच) तोला.

वाळवणं: पाणी इथेच मुरतं

मिसळण्याआधी पीईटी १६० ते १७० °से.ला चार ते सहा तास कोरड्या हवेत किंवा निर्वातात वाळवा. ओलावा ५० पीपीएमच्या खाली हवा. हा आकडा उगाच नाही. एक पाण्याचा रेणू एक एस्टर बंध तोडतो. किलोभर मालात १०० पीपीएम पाणी म्हणजे ०.१ ग्रॅम, ०.००५६ मोल. त्याच किलोत २०,००० रेणुभाराच्या साखळ्या आहेत ०.०५ मोल. म्हणजे वितळवताक्षणी साखळ्यांची संख्या ११ टक्क्यांनी वाढली आणि रेणुभार १८,००० वर आला. गंमत अशी की ०.१ मोल टक्के पेंटाएरिथ्रिटॉलही जवळपास एवढंच तोडतं. तुमच्या शाखाकारकाचा परिणाम आणि ओलाव्याचा परिणाम टॉर्कच्या (मिक्सर फिरवायला लागणाऱ्या जोराच्या) आलेखावर सारखाच दिसतो. वाळवण कच्चं असेल तर कोणी काय तोडलं ते कळायला मार्ग नाही.

वाळवलेला माल गरम असतानाच यंत्रात घाला. झाकण उघडून गप्पा मारत बसलात तर दाणा पुन्हा ओलावा ओढतो.

मिसळणं

प्रयोगशाळेतल्या ५० ग्रॅमच्या मिक्सरमध्ये ०.१ मोल टक्के म्हणजे ३५ मिलिग्रॅम पेंटाएरिथ्रिटॉल. एवढीशी पूड थेट टाकली तर निम्मी भिंतीला चिकटते. म्हणून आधी दहापट तीव्र मास्टरबॅच करा: ५० ग्रॅम पीईटीत ०.३५ ग्रॅम, २७० °से., नायट्रोजनखाली पाच मिनिटं. टॉर्क भराभर घसरेल आणि बाहेर निघालेला माल बोटांनी मोडेल इतका ठिसूळ असेल. घाबरायचं कारण नाही. रेणुभार निम्म्यावर आलेला असतो, हिशेबाप्रमाणेच. तो कुटून पूड करा, पुन्हा वाळवा, आणि त्यातले ५ ग्रॅम ४५ ग्रॅम ताज्या पीईटीबरोबर त्याच तापमानाला चार-पाच मिनिटं फिरवा.

टॉर्ककडे डोळा ठेवा. तो किंचित उतरून सपाट व्हायला हवा. पेंटाएरिथ्रिटॉल असताना तो चढू लागला तर काहीतरी वेगळंच जुळतंय; थांबवा आणि माल काढा. उतरतच राहिला, सपाट होईना, तर ओलावा किंवा ऑक्सिजन.

त्याच दिवशी, त्याच यंत्रात, शाखाकारक न घातलेली एक खेपही करून ठेवा. ही तुलनेची खेप वगळण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तिच्याशिवाय तुमच्या शेवटच्या आकड्यांना अर्थ नाही.

दळणं आणि चाळणं

माल थंड झाल्यावर द्रव नायट्रोजनमध्ये गार करून दळा. बंद खोलीत हे करू नका. उडालेला नायट्रोजन खोलीतल्या ऑक्सिजनची जागा घेतो आणि नाकाला काही कळत नाही. मग दोन चाळण्या: ८५० मायक्रॉनमधून गेलेला आणि ५०० वर अडलेला भाग घ्या. खालची बारीक भुकटी बाजूला काढा. ती आधी जेल होते, ती आधी चिकटते, आणि नायट्रोजनच्या झोतात उडून जाऊन नळीचं तोंड बंद करते.

आकाराला एवढं महत्त्व का, तर दाण्यातून ग्लायकॉल बाहेर पडायला लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दाणा निम्मा केला की तेवढ्या कामाला वेळ चौथाई. मिश्र आकाराचा माल घेतला तर एका नळीत तुम्ही चार वेगवेगळे प्रयोग एकदम चालवत असता.

स्फटिकीकरण: इथे घाई नको

मिक्सरमधून निघून झटकन थंड झालेला माल पारदर्शक असतो, म्हणजेच बहुतांश अस्फटिकी. तो थेट २१५ ला नेला तर मऊ पडून एकमेकांना चिकटतो आणि नळीत मेणबत्तीसारखा गठ्ठा होतो. म्हणून आधी १५० ते १६० °से.ला तासभर, सतत हलवत. पहिल्या काही मिनिटांतच दाणे दुधी होऊ लागतात. हा बदल डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे: कडेचे दाणे आधी पांढरे होतात, मधले मागून. हीच ती चिकटण्याची वेळ, म्हणून हलवणं थांबवू नका. नंतर १८० ला एक तास, २०० ला एक तास.

पुढे जाण्याआधी डीएससीवर (तापवताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारं यंत्र) एक नमुना १० °से. प्रतिमिनिटाने तापवून पाहा. १२० ते १४० च्या पट्ट्यात उष्णता सोडणारं शिखर दिसलं तर स्फटिकीकरण अपुरं आहे, परत १६० ला. ते नसेल आणि तुमच्या शेवटच्या तापमानाच्या थोडं वर एक लहानसं वितळ-शिखर दिसत असेल तर गाडी रुळावर आहे. ते लहान शिखर म्हणजे सगळ्यात कच्चे स्फटिक. दाण्याचं तापमान कायम त्याच्या खाली ठेवायचं. मुक्काम वाढला की ते शिखर वर सरकतं, म्हणूनच तापमान पायरीपायरीने चढवता येतं.

नळी, नायट्रोजन, तापमान

साधन साधं आहे. तळाला सच्छिद्र काचेची चकती असलेली नळी, भोवती ॲल्युमिनियमचा तापवलेला ठोकळा, खालून वर जाणारा कोरडा नायट्रोजन. नायट्रोजन आधी ठोकळ्यातच बसवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरवून गरम करा, नाहीतर तळाचे दाणे गार आणि वरचे गरम अशी गत होते. बाहेर पडणारा वायू गार सापळ्यातून न्या. तिथे साठणारं ग्लायकॉल आणि पाणी हाच तुमचा पहिला पुरावा. २२० °से.ला उघडं सिलिकॉन तेल वापरू नका.

तापमापी दाण्यांच्या मधोमध हवा. हे मी ठासून सांगतो, कारण माझ्या पहिल्या खेपेला तो ठोकळ्यात होता. ठोकळा २१८ दाखवत होता आणि मी निर्धास्त होतो. गरम नायट्रोजनचा वेग जास्त, वेटोळं भट्टीच्या तारेला टेकलेलं. आत प्रत्यक्षात किती होतं देव जाणे. सकाळी नळीत दाणे नव्हते, एक पांढरी कांडी होती. काच फोडूनच काढावी लागली. कांडीवर दाण्यांचे उंचवटे अजून ओळखू येत होते, एवढंच काय ते समाधान.

मुख्य मुक्काम २१५ °से. नमुने शून्य, २, ४, ८, १२ आणि १६ तासांनी. नमुना काढताना नायट्रोजनचा उलटा झोत चालू ठेवा. शेवटी नळी १०० °से.च्या खाली येईपर्यंत नायट्रोजन बंद करू नका; गरम दाण्याला हवा लागली की तो पिवळा पडतो, आणि ऑक्सिजनने होणारं तोडजोडीचं काम तुमच्या शाखांत मिसळतं.

वेग कशाने अडलाय हे ओळखायला दोन सोप्या चाचण्या आहेत. नायट्रोजनचा प्रवाह दुप्पट करा: फरक पडला तर अडथळा दाण्याच्या पृष्ठभागावर होता, आधीचा प्रवाह अपुरा होता. नाही पडला तर चाळणीचा खालचा भाग, २५० ते ४२५ मायक्रॉनचा, घ्या: वेग वाढला तर अडथळा दाण्याच्या आतल्या प्रवासाचा. दोन्हीने काही बदललं नाही तर अभिक्रियाच मंद आहे, मग तापमान किंवा उत्प्रेरक. शाखित कामात मला ही शेवटची स्थिती हवी असते. प्रवास अडथळा नसेल तरच साल आणि गाभा बरोबरीने चालतात. म्हणून बारीक दाणा आणि थोडं कमी तापमान, वेळ लागला तरी चालेल.

निर्वात वापरणारेही आहेत. ग्लायकॉल छान निघतं, पण दाण्यांना उष्णता पोचवणारा वायूच नसल्याने थराच्या मध्ये आणि कडेला तापमान वेगळं राहतं. पातळ थर असेल तरच त्या वाटेला जा.

मोजमाप: आकडा खोटं कसं बोलतो

आंतरिक श्यानता फिनॉल आणि टेट्राक्लोरोइथेनच्या ६०:४० मिश्रणात मोजतात. दोन्ही विषारी आहेत, फिनॉल त्वचेतून आत जातं. हातमोजे आणि धुराडं यांना पर्याय नाही. ०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर द्रावण, आणि एकाच मापनावरून बिलमेयर यांचं सूत्र: ०.२५ × (सापेक्ष श्यानता − १ + ३ × तिचा नैसर्गिक लॉग) ÷ तीव्रता. सापेक्ष श्यानता १.४० आली तर उत्तर ०.७०.

आता घोडं अडतं ते इथे. एका विद्यार्थ्याने मला आलेख आणून दाखवला. मात्रा ०.३ मोल टक्के. श्यानता चार तासांपर्यंत छान चढली, आठला थोडी खाली, बाराला आणखी खाली. त्याचं अनुमान होतं की माल विघटित होतोय. दाणे मात्र पांढरेशुभ्र. मी विचारलं, द्रावण गाळलं का? गाळलं होतं, नेहमीप्रमाणे. गाळणी कुठे आहे? ती कचऱ्यात होती. शोधून काढली, वाळवली, आणि तिच्यावर चिकटलेली पातळ, पारदर्शक, आत काहीच नसलेली टरफलं दिसली, प्रत्येक साधारण दाण्याएवढी. सालीचं जेल झालं होतं, गाभा विरघळून निघून गेला होता, आणि आम्ही मोजत होतो फक्त गाभा. सगळ्यात जास्त वाढलेला माल गाळणीवर होता.

तेव्हापासून नियम असा: गाळणी आधी तोला, नंतर वाळवून पुन्हा तोला, आणि श्यानतेच्या आकड्याशेजारी तो आकडा लिहा. त्याशिवाय श्यानता लिहायचीच नाही.

जेलचं प्रमाण नीट काढायचं तर बारीक स्टीलच्या जाळीची पुरचुंडी करा, तीत तोललेला नमुना बांधा, गरम द्रावकात रात्रभर ठेवा, द्रावक बदलून पुन्हा, मग निर्वातात वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. फिनॉल जेलमधून निघायला फार वेळ घेतं. शेवटी मेथनॉलमध्ये बुडवून ठेवलं तर लवकर सुटका होते. ०.३००० ग्रॅमपैकी ०.११४० उरले तर जेल ३८ टक्के.

विरघळणाऱ्या शाखित मालाची आणखी एक फसवणूक: त्याच रेणुभाराच्या सरळ साखळीपेक्षा शाखित रेणू द्रावणात आटोपशीर असतो, म्हणून त्याची आंतरिक श्यानता कमी येते. श्यानतेवरून रेणुभार काढायचं सरळ पीईटीचं सूत्र इथे लावू नका. शाखा आहेत की नाहीत हे पाहायचं तर रिओमीटरवर (वितळलेला माल मागेपुढे हलवून त्याची श्यानता मोजणारं यंत्र), नायट्रोजनखाली, कमी वारंवारतेकडे जा. सरळ पीईटीची श्यानता तिथे सपाट राहते. शाखित मालाची वारंवारता कमी करावी तशी चढतच जाते. तुलनेची खेप शेजारी ठेवून हा फरक दिसला तर शाखा आहेत असं मी मानतो, आणि तोवर मानत नाही.

पूर्ण जाळं हवं असेल तर

०.३ मोल टक्क्यांच्या पुढचा माल एकदा जुळला की नंतर साच्यात ओतता येत नाही. म्हणून आकार आधी द्यायचा आणि जाळं मागून विणायचं, किंवा जाळ्याचे बंध असे निवडायचे की ते उष्णतेत जागा बदलू शकतील. दुसऱ्या वाटेवर लुडविक लेबलर यांच्या गटाने २०११ मध्ये व्हिट्रिमर हा प्रकार मांडला: बंधांची संख्या तीच राहते, फक्त ते एकमेकांशी अदलाबदल करतात, म्हणून जाळं असूनही माल गरम दाबाखाली आकार घेतो. २०१७ मध्ये आइंडहोव्हनच्या संशोधकांनी हेच पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेटमध्ये, ग्लिसरॉल आणि जस्ताचा उत्प्रेरक घालून, घन अवस्थेतच करून दाखवलं. ग्लिसरॉल अस्फटिकी भागात शिरतं, ब्युटेनडायॉल बाहेर पडतं, स्फटिकी पट्टे बरेचसे जागच्या जागी राहतात. करून पाहायचं असेल तर वरची सगळी शिस्त तशीच लागू, फक्त हा पॉलिमर २२० ते २२५ °से.ला वितळतो, तेव्हा मुक्काम बराच खाली.

बॉल मिलमध्ये घन पदार्थ घोटून क्रॉसलिंक करण्याचे प्रयोगही होतात. लहान रेणूंपासून ताठ जाळी बनवायला ते ठीक आहे. लांब साखळ्या मात्र गोळ्यांच्या माराने तुटतात, त्यामुळे शाखित पॉलिएस्टरसाठी मी त्या वाटेला जात नाही.

आकार आधी, जाळं मागून, या वाटेचं ठळक उदाहरण पॉलिएथिलीनचं. व्हिनिल सिलेन जोडलेलं पॉलिएथिलीन नळीच्या आकारात काढतात, मग ती नळी ८० ते ९५ °से.च्या पाण्यात किंवा वाफेत ठेवतात. पाणी आत झिरपतं, सिलेनचे गट जलापघटित होऊन एकमेकांना धरतात. इथे प्रवास उलटा, बाहेरून आत, पण साल पुढे आणि गाभा मागे हा नियम तोच. जाड भिंतीच्या नळीची तपासणी करताना नमुना आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या थरातून वेगवेगळा कापा. पाइपांच्या मानकात उकळत्या झायलीनमध्ये न विरघळणारा भाग पेरॉक्साइडच्या पद्धतीला ७०, सिलेनच्या पद्धतीला ६५ आणि किरणांच्या पद्धतीला ६० टक्के तरी मागतात. हा आकडा भिंतीच्या सरासरीवर निभावून नेता येतो, म्हणून तर थर वेगळे कापायचे.

किरणांच्या पद्धतीत पाण्याची भानगड नाही. आर्थर चार्ल्सबी यांनी १९५२ मध्ये दाखवलं की किरणोत्सर्गाने घन पॉलिएथिलीनमध्ये जाळं तयार होतं. इलेक्ट्रॉन किंवा गॅमा किरण साखळीवरून हायड्रोजन उडवतात, उरलेले मूलक (जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या जागा) जोडीने जुळतात. तेही पुन्हा सैल, अस्फटिकी भागात. स्फटिकात अडकलेल्या मूलकांना जोडीदार मिळत नाही, ते तिथेच बसून राहतात आणि पुढे महिनोन्‌महिने झिरपणाऱ्या ऑक्सिजनशी जुळून माल ठिसूळ करतात. कृत्रिम सांध्यांतल्या अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनला म्हणूनच किरण दिल्यावर वितळबिंदूच्या वर किंवा जरासं खाली तापवतात, म्हणजे अडकलेले मूलक मोकळे होऊन आपापसांत संपतात. प्रयोगशाळेत पातळ फीत करत असाल तर किरण देण्याआधी ती नायट्रोजन भरलेल्या, वायू आरपार जाऊ न देणाऱ्या पाकिटात सीलबंद करा, आणि नंतरचं तापवणंही पाकीट न फोडताच उरका. पाकीट आधी फोडून मग तापवलेल्या फितीचा पृष्ठभाग इन्फ्रारेडखाली धरा. १७२० प्रति सेंटिमीटरच्या आसपास कार्बोनिलचं शिखर दिसेल.